कृषि विद्यापीठाची शिवारफेरी, मेळावे व प्रदर्शने : गावाने त्यांचा लाभ कसा घ्यावा

विद्यापीठ म्हटले म्हणजे सामान्य शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे मुलांच्या परीक्षा, पदव्या व वसतिगृहे एवढेच चित्र उभे राहते. कृषि विद्यापीठ हे मात्र निराळ्या घडणीचे विद्यापीठ होय. शिक्षण, संशोधन आणि विस्तार अशी तीन कामे त्याच्याकडे सोपविलेली आहेत. पहिली दोन कामे विद्यापीठाच्या आवारात, शेतकऱ्याच्या अनुपस्थितीत चालू शकतात. तिसरे काम शेतकऱ्याने पाऊल उचलल्यावाचून पुरे होत नाही. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाची स्थापना २० ऑक्टोबर १९६९ रोजी झाली. विदर्भातील अकराही जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर देवळी तालुक्यातील सेलसुरा येथे या विद्यापीठाचे कृषि विज्ञान केंद्र आहे, म्हणजे विद्यापीठाचे दार आपल्याच शिवारात उघडलेले आहे.

या दाराने वर्षभर काही ना काही कार्यक्रम होत असतात. पेरणीपूर्वी खरीप मेळावा, पावसाळ्यात विद्यार्थ्यांचा गावातील मुक्काम, पिके भरात असताना शिवारफेरी, रब्बीच्या तोंडावर पुन्हा मेळावा, आणि डिसेंबरच्या अखेरीस मोठे कृषि प्रदर्शन. नक्की तारखा विद्यापीठ व केंद्र दर वर्षी जाहीर करतात. त्या गावच्या फळ्यावर वेळीच लिहिल्या जाव्यात हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे पहिले काम. परंतु तारीख कळविली म्हणजे काम संपले असे नव्हे. कित्येक गावांतून वाहन भरून माणसे जातात, मंडपात बसतात, जेवतात, चार पत्रके घेऊन परततात, आणि ती पत्रके पुढे आढ्याला खोवलेली सापडतात. दिवसाची मजुरी बुडते ती निराळीच. म्हणून अशा कार्यक्रमास जाण्यापूर्वी काय करावे, तेथे काय पाहावे व परत आल्यावर काय करावे, याचा विचार या पाठात केला आहे.

खरीपपूर्व मेळावा : रिकाम्या हाताने जाऊ नये

मे महिन्यातील मेळाव्यात भाषणे असावयाचीच. स्वागत व हारतुरे यांत पहिला तास जातो, हेही शेतकऱ्यांस आता पाठ झाले आहे. तथापि मंडपाच्या कडेला शास्त्रज्ञ बसलेले असतात आणि खरा मेळावा तेथे भरलेला असतो. त्यांच्यापुढे जाताना हातात काही असले तर बोलणे नेमके होते.

उदाहरणार्थ सोयाबीनचे बियाणे घ्या. सोयाबीन हे स्वपरागित पीक असल्यामुळे सरळ वाणाचे चांगले राखलेले घरचे बी दोन-तीन वर्षे वापरता येते. दर वर्षी पिशवी विकत घेण्याचे कारण नाही. मात्र त्याचे कवच पातळ असते, मळणीत व हाताळणीत ते लवकर दुखावते आणि उगवण घटते. मेळाव्याच्या आठ-दहा दिवस आधी पोत्यातील निरनिराळ्या जागचे शंभर दाणे घेऊन ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे, ओलावा राखावा आणि आठवडाभराने निरोगी कोंब मोजावे. सत्तर किंवा अधिक उगवले तर एकरी ३० किलो बी पुरते. साठच उगवले तर तेवढीच रोपे मिळविण्यास ३५ किलो लागेल. त्याहून फारच कमी उगवले तर ते बी विकून टाकावे आणि विद्यापीठाच्या ‘सुवर्ण सोया’ किंवा ‘पीडीकेव्ही अंबा’ यांसारख्या वाणांची चौकशी करावी. हा आकडा हाती असलेला शेतकरी मेळाव्यात पाच मिनिटांत जेवढे मिळवून येतो, तेवढे न मोजता गेलेला दिवसभरात मिळवीत नाही. कपाशीच्या संकरित बियाण्यास मात्र हा घरच्या बियाण्याचा नियम लावू नये. त्याची पुढची पिढी एकसारखी निघत नाही.

मातीचा नमुनाही याच वेळी न्यावा. खत घातल्यानंतर लगेच, धुऱ्याजवळ, उकिरड्यापाशी किंवा झाडाखाली नमुना घेऊ नये. वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा करून त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यावी, एकत्र करावी आणि चौथाई पद्धतीने कमी करीत अर्धा किलो ठेवावी. रोगट झाड न्यावयाचे असेल तर ते मुळांसकट उपटून कागदात गुंडाळावे. प्लास्टिकच्या पिशवीत ते घामेजते व कुजते, आणि मग मूळ रोग कोणता व कुजण्याची लक्षणे कोणती हे तज्ज्ञासही सांगता येत नाही.

शिवारफेरी

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास अकोला येथे विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर शिवारफेरी होते. विद्यापीठाच्या सर्व कार्यक्रमांत शेतकऱ्यास सर्वांत अधिक देणारा कार्यक्रम हाच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण येथे पीक स्वतःच उभे असते व बोलणाऱ्यास त्याच्या साक्षीने बोलावे लागते. वर्धा व पुलगाव ही स्थानके अकोल्याच्याच लोहमार्गावर असल्याने जाणे-येणे अवघड नाही.

गावाने कोणास पाठवावे हा पहिला प्रश्न. दर वर्षी तीच चार माणसे जातात, असे अनेक ठिकाणी दिसते. त्याऐवजी जमिनीचा प्रकार पाहून माणसे निवडावीत. आपल्या जिल्ह्यात आष्टी, कारंजा व आर्वीकडील भाग डोंगराळ असून तेथे हलक्या, बरड जमिनी बऱ्याच आहेत. समुद्रपूर, हिंगणघाट व देवळीकडे खोल काळी जमीन आहे. एकाच गावातही वरचे व खालचे वावर सारखे नसते. तेव्हा एक हलक्या जमिनीचा, एक भारी जमिनीचा, एक ओलिताचा, एक बटाईने करणारा आणि बचत गटातील एक बाई असे पाच जण गेले, तर गावची सगळी शेती गेल्यासारखे होईल. बाईचे नाव येथे शिष्टाचार म्हणून घातलेले नाही. वेचणी, निंदण व बी निवडणे ही कामे ज्यांच्या हातांनी होतात, त्यांच्या नजरेस पुरुषांना न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. बोंड सहज सुटते की नाही, झाडाची उंची वेचणीस सोयीची आहे की नाही, हे त्याच सांगू शकतील.

प्रक्षेत्रावर गेल्यावर हिरवेगार पीक पाहून हरखून जाऊ नये. प्रत्येक तुकड्यापाशी विचारावयाचे प्रश्न असे : पेरणी कोणत्या तारखेस झाली? जमिनीची खोली किती? आधीचे पीक कोणते होते? ओलित दिले काय, आणि किती वेळा? ओळीतील व रोपांतील अंतर किती? फवारण्या किती झाल्या? यांपैकी ओलिताचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि घरी येऊन फसतात. पावसाने ओढ दिली असता प्रक्षेत्रावर संरक्षित ओलित देण्याची सोय असू शकते. कोरडवाहू शेतकऱ्यास ती नसते. वाण तोच, पण वावर तेच नव्हे. सबब ‘एकरी किती पिकले’ यापेक्षा ‘माझ्यासारख्या जमिनीत, पावसावर किती पिकले’ असे विचारणे इष्ट. शास्त्रज्ञास या प्रश्नाचा राग येत नाही. उलट, नेमके विचारणारा शेतकरी भेटल्याने तोही मोकळेपणाने बोलू लागतो.

फेरीहून परतताच रब्बीची पेरणी उभी ठाकते. तेथे पाहिलेला हरभऱ्याचा एखादा वाण, उदाहरणार्थ ‘पीडीकेव्ही कांचन’, गावास पसंत पडला असे समजू. सगळे वावर एकदम त्याखाली आणू नये. आपल्या नेहमीच्या वाणाशेजारी तिफणीचे चार-सहा फेरे नव्या वाणाचे घालावेत. दोन्हींची पेरणी एकाच दिवशी, एकाच ओलीवर व्हावी. बीजप्रक्रिया सारखी, खत सारखे. फरक एकच असावा, तो वाणाचा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या म्हणजे वाढलेले पीक कशामुळे वाढले हे कोणासही सांगता येत नाही. शिवाय एका शेतकऱ्याने एकरभर करण्यापेक्षा पाच शेतकऱ्यांनी आठ-आठ आर केले तर निकाल अधिक भरवशाचा होतो. एकाच्या वावरात रानडुकरे शिरली किंवा मर रोगाने खोड केली तरी बाकीचे चार हिशेब हाती राहतात.

मोजणीची एक सोपी रीत येथे देतो. प्रत्येक वाणात कडेच्या ओळी सोडून पाच ठिकाणी एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकट टाकावी, त्यातील झाडे कापून, वाळवून, दाणा झोडून तोलावा व पाचांची सरासरी काढावी. एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. म्हणून चौकटीत जितके ग्रॅम येतील त्यास चारने गुणले की एकरी किलो निघतात. सरासरी १५० ग्रॅम आली तर एकरी ६०० किलो, म्हणजे सहा क्विंटल. वावरात दाणा गळतो व सांडतो, त्यामुळे प्रत्यक्ष खळ्यावर काहीसे कमी येईल. परंतु दोन वाणांची तुलना करण्यास ही रीत पुरेशी आहे. चौकट कोठे टाकावयाची हे डोळ्यांनी निवडू नये, कारण मन आपोआप चांगल्या जागेकडे ओढ घेते. पावले मोजून टाकावी.

डिसेंबरचे प्रदर्शन आणि वावरात उभी पऱ्हाटी

डॉ. पंजाबराव देशमुख यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रात कृषिमंत्री होते, व १९५९-६० मध्ये दिल्ली येथे भरलेले जागतिक कृषि प्रदर्शन त्यांच्याच पुढाकाराने झाले. त्यांच्या जयंतीच्या सुमारास अकोल्यास विद्यापीठाचे प्रदर्शन भरते. अवजारे, वाण, विद्यापीठाने तयार केलेली छोटी डाळ गिरणी, फळप्रक्रिया असे पुष्कळ तेथे पाहावयास मिळते. तूर उत्पादकांनी डाळ गिरणीपुढे अवश्य थांबावे. तुरीची डाळ करून विकणारा गट आणि तूर पोत्यात भरून विकणारा शेतकरी यांच्या हिशेबात पडणारा फरक तेथेच मांडून पाहता येतो.

परंतु या लेखात त्या प्रदर्शनाचा विशेष उल्लेख करण्याचे कारण निराळे आहे. ज्या आठवड्यात हे प्रदर्शन भरते, त्याच आठवड्यात कपाशी उत्पादकास वर्षातील एक मोठा निर्णय घ्यावा लागतो : पऱ्हाटी काढावयाची, की ओलित देऊन फरदड घ्यावयाची?

गुलाबी बोंडअळी ही नवी कीड नव्हे. भारतातील कपाशीवरून मिळालेल्या नमुन्यांवरून तिचे शास्त्रीय वर्णन १८४३ सालीच झाले होते. २००२ पासून बीटी कपाशी आली व काही वर्षे या अळीचा विसर पडला. पुढे अळीने दोन जनुकांच्या बीटी कपाशीसही दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात तिने जो कहर केला तो कोणी विसरलेले नाही. ही अळी बोंडात शिरली की शिरण्याचे छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार व निरोगी, आत सरकी पोखरलेली. म्हणून नुसत्या पाहणीवर विसंबू नये. फुलोऱ्यात पाकळ्या न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली डोमकळी दिसली की ती तोडून नष्ट करावी. पुढे दर आठवड्यास एकरी वीस हिरवी बोंडे निरनिराळ्या झाडांवरून तोडून फोडून पाहावीत. वीसपैकी दोन बोंडांत अळी सापडली तर उपाय करण्याची वेळ आली असे समजावे. एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक पतंग आले तर तोही तसाच इशारा होय.

हे सर्व हंगामातील उपाय झाले. मूळ उपाय हंगामाबाहेर आहे. ही अळी मुख्यत्वे कपाशीवरच जगते. वावरात डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी राहिली, पुन्हा पाते-फुले आली, की तिला मधल्या महिन्यांचे अन्न मिळाले. वावरातील किडक्या बोंडांत व जिनिंगच्या आवारात पडलेल्या सरकीत ती सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या जूनमध्ये लवकर पेरलेल्या कपाशीवर उतरते. फरदडीत एखाद-दोन क्विंटल कापूस मिळतो हे खरे. भाव चढा असला म्हणजे तो सोडवतही नाही. पण तो कापूस बहुधा कवडीचा असतो, आणि त्याची खरी किंमत पुढच्या हंगामातील फवारण्यांच्या रूपाने द्यावी लागते. ती फरदड घेणाराच देतो असेही नाही; धुऱ्यापलीकडचा शेजारीही देतो.

येथेच गावाचा प्रश्न येतो. पन्नास शेतकऱ्यांपैकी चाळिसांनी पऱ्हाटी काढली व दहांनी ठेवली, तर चाळिसांचा त्याग बराचसा वाया जातो. एका शेतकऱ्यास एकट्याने करता येण्याजोगे पुष्कळ आहे, हे मात्र त्यांतले नव्हे. म्हणून प्रदर्शनास जाणाऱ्या मंडळीने तेथील कीटकशास्त्रज्ञास गाठून, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपल्या गावी सायंकाळी सभेस येण्याची विनंती करावी. दिवसा सभा ठेवली तर मजुरीवर जाणारे येणार नाहीत, हे आयोजकांस आधीच सांगावे. सभेत कोणाच्या पऱ्हाटीवर किती किडकी बोंडे निघतात हे सर्वांसमक्ष फोडून दाखवावे. ज्यांना चाऱ्याची वा पैशाची अडचण आहे त्यांची अडचण तेथे ऐकून घ्यावी, व पऱ्हाटी काढण्याची एकच तारीख सर्वांनी मिळून ठरवावी. काढलेली पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवू नये. यंत्राने बारीक करून कुजवावी.

कपाशीच्या किडीवरून गावाने एकत्र येण्याची गोष्ट कृषि विस्ताराच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९०३ साली अमेरिकेतील टेक्सास प्रांतात टेरेल या गावी, बोंडावरील सोंड्या भुंग्याने कपाशी उद्ध्वस्त होत असताना, सीमन नॅप या गृहस्थांनी सरकारी प्रक्षेत्र न उघडता वॉल्टर पोर्टर नावाच्या शेतकऱ्याच्याच वावरात प्रात्यक्षिक घेतले. नुकसान झाल्यास ते भरून देण्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणीचा निधी उभारून ठेवला होता. वर्षअखेर त्या निधीस हात लावावा लागला नाही. पोर्टर यांस नफाच झाला. पुढे १९१४ मध्ये तेथील कृषि महाविद्यालयांस विस्तारकार्याशी जोडणारा कायदा झाला. नॅप यांच्या पद्धतीतील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे तो निधी. नवी गोष्ट करून पाहणाऱ्याचा धोका गावाने वाटून घेतला. आपल्याकडे शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गट असेल तेथे, चाचणी घेणाऱ्या चार-पाच जणांच्या बियाण्याचा खर्च गटाने उचलणे फार कठीण नाही.

विद्यार्थी गावात येतात तेव्हा

कृषि पदवीच्या शेवटच्या वर्षास असलेले विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी पावसाळ्यात गावी येतात. त्यांस कृषिदूत व कृषिकन्या म्हणतात. मंदिरापुढे रांगोळीने गावचा नकाशा काढणे, बीजप्रक्रिया व माती नमुन्याची प्रात्यक्षिके करून दाखविणे, शाळेत झाडे लावणे हे कार्यक्रम सर्वांच्या परिचयाचे आहेत. ही मुले लहान आहेत, त्यांना काय कळते, असे म्हणून त्यांस चहा पाजून वाटेस लावू नये. त्यांच्याजवळ वेळ असतो, लिहिण्याची सवय असते व विद्यापीठातील प्राध्यापकांशी रोजचा संबंध असतो. वर सांगितलेली वीस बोंडे फोडण्याची व सापळ्यातील पतंग मोजण्याची नोंदवही त्यांच्याकडे द्यावी; ती तेही आनंदाने करतील आणि गावास आठवड्याचा हिशेब मिळेल. त्यांचा मुक्काम संपताना मात्र ती वही गावच्या एखाद्या तरुणाच्या हाती सोपवून घ्यावी. पतंगांची खरी गर्दी पुढेच होते.

या बाबतीत आपल्या जिल्ह्यात एक जुना दाखला आहे. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या प्रयत्नाने सुरू झाली. तेथे प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे पहिले शिबिर आश्रमात होते, प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे नेमून दिली जातात व तो पुढेही त्या घरांस भेट देत राहतो. कृषि विद्यार्थ्यांच्या मुक्कामास गावाने अशीच घरे नेमून दिली, म्हणजे एका मुलाकडे चार-पाच शेतकरी व त्यांची वावरे, तर सर्व गावास एकदम शिकविण्याच्या प्रयत्नात जे निसटते ते पदरात पडेल.

सेलसुऱ्याचे केंद्र

अकोल्यास जाणे प्रत्येकास जमणार नाही; सेलसुरा जवळ आहे. केंद्राचे काम मुख्यतः शेतकऱ्यांच्याच वावरात होते. एखादे तंत्र आपल्या भागात जुळते की नाही हे पाहण्यासाठी प्रक्षेत्र चाचणी, आणि जुळते असे ठरलेले तंत्र दाखविण्यासाठी आघाडीची प्रात्यक्षिके. प्रात्यक्षिकातील पीक तयार झाले की त्या वावरात प्रक्षेत्र दिन साजरा होतो. शेजारच्या गावी प्रक्षेत्र दिन असेल तर तो चुकवू नये; तेथे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञाऐवजी तो शेतकरीच देतो, आणि खर्चाचा आकडा तो लपवीत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. केंद्राची एक शास्त्रीय सल्लागार समिती असते. तिच्यापुढे झालेल्या कामाचा आढावा व पुढील वर्षाचा आराखडा मांडला जातो, आणि तिच्यात शेतकऱ्यांचेही प्रतिनिधी असतात. आपल्या गावात कोणता प्रश्न आहे, तो किती एकरांवर आहे व त्यावर आजवर काय करून पाहिले, एवढे एका कागदावर लिहून, पाच-दहा जणांच्या सह्यांनिशी बैठकीपूर्वी केंद्रप्रमुखांकडे द्यावे. वायगावच्या हळदीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. समुद्रपूर तालुक्यातील तिच्या उत्पादकांचे कंदकुजीबाबतचे वा वाळवणीबाबतचे प्रश्न अशा कागदावर येण्याजोगे आहेत. ज्या गावांतून असा कागद गेला असेल, तेथील कार्यकर्त्याने त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी व पुढील मेळाव्यास जाताना ती बरोबर घेऊन जावे.